गल्ल्यापलीकडचा रोजगार : डेकॅथलॉनची पन्नास वर्षे

क्रीडासाहित्य विकणाऱ्या डेकॅथलॉन या फ्रेंच संस्थेला 2026 मध्ये पन्नास वर्षे पूर्ण होत आहेत. अशा प्रसंगी इतिहास लिहिताना दुकाने किती, देश किती आणि कर्मचारी किती हे आधी सांगण्याचा प्रघात आहे. या संस्थेचे आकडे खरोखरच मोठे आहेत. सुमारे 1,800 दुकाने, 70 हून अधिक देश आणि एक लाखाहून अधिक कर्मचारी. पण या आकड्यांवरून जो निष्कर्ष सहज काढला जातो, तो मला पुरेसा वाटत नाही. दुकाने वाढली की नोकऱ्या वाढतात, असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात एक दुकान वाढल्याने शेजारचे दुसरे बंद पडले, तर नोकरी निर्माण होत नाही, तिची फक्त जागा बदलते. डेकॅथलॉनच्या पन्नास वर्षांत जो खरा, आधी कुठेच नसलेला रोजगार उभा राहिला, तो दोन निर्णयांमधून आला. आपण विकतो ती वस्तू आपणच घडवायची, हा पहिला. जो आजवर खेळलेलाच नाही, त्याच्यासाठी ती घडवायची, हा दुसरा. गल्ल्यावर बसणाऱ्याची नोकरी या दोन निर्णयांच्या मागून येते, म्हणून तिचा हिशेब शेवटी मांडायला हवा.

संस्थेचा जन्म 1976 चा, उत्तर फ्रान्समधील लील शहराजवळच्या आंग्लोस गावातला. संस्थापक मिशेल लक्लेर हे ओशाँ ही अजस्र किराणा-साखळी उभारणाऱ्या म्युलिए कुटुंबाच्या नात्यातले, आणि आधी त्याच साखळीत काम केलेले. म्युलिए कुटुंबाची मूळ मिळकत कापड आणि लोकर-सुताच्या धंद्यातली. लील, रूबे, तुर्क्वँ हा सारा पट्टाच कापड गिरण्यांचा आणि कोळसा खाणींचा होता. सत्तरच्या दशकात गिरण्या एकेक करून बंद होत होत्या, खाणी आटत होत्या. या खोऱ्यातली शेवटची खाण 1990 मध्ये बंद झाली. ज्या प्रदेशात कारखान्याचा भोंगा थांबत होता, त्याच प्रदेशात मोटारींच्या विस्तीर्ण वाहनतळाशेजारी सगळ्या खेळांचे साहित्य एका छपराखाली विकणारे दुकान उघडले गेले. मुंबईच्या वाचकाला यातला पेच वेगळा समजावून सांगायला नको. 1982 च्या संपानंतर गिरणगावाचे जे झाले ते त्याच्यासमोर आहे. लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या आवारात आज मॉल आहे आणि त्यात शेकडो तरुण मुले-मुली काउंटरमागे उभी असतात. गिरणीतल्या एका पगारावर घर चालायचे, गावी मनिऑर्डर जायची. काउंटरवरची नोकरी बहुधा शिक्षण चालू असताना केलेली, दोन-तीन वर्षांची असते. म्हणून दुकानदारीने गिरणीची जागा घेतली, असे म्हणणे उत्तर फ्रान्सबद्दलही चूक आणि परळबद्दलही चूक. डेकॅथलॉन जर नुसते विकतच राहिले असते, तर त्याच्या इतिहासावर स्वतंत्र लेख लिहिण्याचे कारण उरले नसते.

वळण आले ते 1986 मध्ये. त्या एका वर्षात संस्थेने जर्मनीतल्या डॉर्टमुंडला परदेशातले पहिले दुकान उघडले आणि त्याच सुमारास स्वतःचा माल स्वतः घडवून घेण्यास सुरुवात केली. डॉर्टमुंडची नोंद जवळपास प्रत्येक वृत्तांतात ठळकपणे येते. रोजगाराच्या दृष्टीने पाहिले तर दुसरी घटना कितीतरी मोठी आहे. दुसऱ्या कंपनीचा बूट विकणाऱ्या दुकानाला विक्रेता, हमाल आणि हिशेबनीस पुरतात. स्वतःचा बूट विकायचा म्हटले की पायाचा आकार मोजणारा, साचा करणारा, रबराची चाचणी घेणारा, कापड निवडणारा, कारखान्याशी भाव ठरवणारा आणि तयार माल तपासणारा, अशी माणसांची रांगच लागते. पुढच्या वर्षांत संस्थेने हे काम खेळाच्या ठिकाणी नेले. डोंगर चढणाऱ्यांसाठीचा केचुआ हा ब्रँड नव्वदच्या दशकात मोंब्लाँच्या परिसरात आकाराला आला आणि समुद्री खेळांच्या साहित्याचे केंद्र अटलांटिक किनाऱ्यावरच्या आंदाय गावी उभे राहिले. सायकलींचे संशोधन आणि जुळणी यांसाठी 2010 मध्ये लील शहरात जे केंद्र उघडले, त्या जागेवर पूर्वी सिगारेटचा कारखाना होता. हा तपशील मला फार मोलाचा वाटतो. पन्नास वर्षांच्या इतिहासात एखाद्या बंद कारखान्याच्या जागी पुन्हा हाताला आणि डोक्याला काम देणारी वास्तू उभी राहिली असेल, तर ती इथे. हवेत फेकला की दोन सेकंदांत उभा राहणारा 2005 चा तंबू किंवा पूर्ण चेहरा झाकून पाण्याखाली श्वास घेऊ देणारा 2014 चा मुखवटा अशाच केंद्रांमधून बाहेर पडला. कोविडच्या पहिल्या लाटेत इटलीतल्या डॉक्टर-अभियंत्यांनी हाच मुखवटा श्वसनाच्या उपकरणाला जोडून रुग्णांसाठी वापरला. उत्पादनाचे ज्ञान संस्थेच्या घरात होते, म्हणूनच त्या धावपळीत मुखवट्याचा आराखडा त्यांच्या हाती देता आला.

दुसऱ्या निर्णयाचे मोजमाप अधिक कठीण आहे, कारण नवा खेळाडू कुणाच्या ताळेबंदात दिसत नाही. तरी त्याचे गणित साधे आहे. क्रीडासाहित्याची बाजारपेठ तेवढीच राहिली आणि दुकाने वाढली, तर काय होते याचे उदाहरण अमेरिकेत सापडते. स्पोर्ट्स ऑथॉरिटी ही तिथली मोठी साखळी 2016 मध्ये दिवाळखोरीत गेली तेव्हा तिची साडेचारशेहून अधिक दुकाने आणि सुमारे 14,500 कर्मचारी होते. तिचे नाव आणि 31 दुकानांच्या जागांचे भाडेकरार डिक्स स्पोर्टिंग गुड्स या प्रतिस्पर्धी साखळीने घेतले. डिक्सच्या त्यानंतरच्या वाढीत रोजगार आहे, पण ज्या नोकऱ्या गेल्या त्या वजा केल्याशिवाय ती बेरीज पुरी होत नाही. दोन्ही साखळ्या मुख्यतः त्याच नामांकित ब्रँडचे बूट आणि बॅटी त्याच ग्राहकाला विकत होत्या. डेकॅथलॉनने ज्या किमतीला पहिला तंबू, पहिला पोहण्याचा चष्मा आणि पहिली पाठपिशवी बाजारात ठेवली, त्या किमतीमुळे आधी ग्राहकच नसलेला माणूस आत आला. सह्याद्रीत रविवारी राजमाचीला किंवा हरिश्चंद्रगडाला जाणाऱ्यांच्या पाठीवर या दुकानातल्या पिशव्या किती दिसतात, हे गडवाटांची ओळख असलेल्या कुणालाही माहीत आहे. गडाच्या पायथ्याशी जेवण, मुक्काम आणि वाटाड्याचे काम करणाऱ्या कुटुंबांपर्यंत त्या गर्दीतून पैसा पोहोचतो. त्याचे श्रेय एका दुकानाला देणे मात्र खोटे ठरेल. गिर्यारोहण संस्थांनी कित्येक दशके जी वाट तयार केली, तिच्यावरून हे ग्राहक आले. स्वस्त साहित्याने त्या वाटेवरचा एक अडसर दूर केला, एवढेच त्याचे श्रेय, आणि तेही कमी नाही.

भारतातली कहाणी या युक्तिवादाची सर्वांत स्पष्ट साक्ष देते, कारण इथे उत्पादन आधी आले आणि विक्री नंतर. संस्थेने 2025 मध्ये भारतातील उत्पादनाची पंचवीस वर्षे साजरी केली. दुकान मात्र 2009 चे. म्हणजे सुमारे नऊ वर्षे भारतीय कामगार ज्या वस्तू शिवत होते, त्या भारतीय ग्राहकाला त्या दुकानातून मिळत नव्हत्या. 2009 मध्येही थेट किरकोळ विक्रीची परवानगी नव्हती. घाऊक व्यवहाराच्या चौकटीतच धंदा करावा लागला. जानेवारी 2012 मध्ये केंद्र सरकारने एकाच ब्रँडच्या किरकोळ विक्रीत शंभर टक्के परकीय गुंतवणूक खुली केली आणि 2013 मध्ये डेकॅथलॉनला ती मंजुरी मिळाली. त्या धोरणात एक अट होती. 51 टक्क्यांहून अधिक गुंतवणूक करणाऱ्याने मालाच्या किमतीच्या किमान 30 टक्के खरेदी भारतातून करावी. या अटीवर त्या काळी उद्योगांनी बरीच कुरकुर केली होती. आज मागे वळून पाहता ती अट शहाणपणाची होती, असे मी ठामपणे म्हणेन. जी संस्था मुळात स्वतःचा माल घडवत होती, तिला अट पाळणे तुलनेने सोपे गेले आणि पुढे ती मर्यादा खूपच मागे पडली. भारतातल्या विक्रीपैकी 68 टक्के माल इथेच तयार होतो आणि तो 85 टक्क्यांवर न्यायचा आहे, असे संस्थेने 2024 मध्ये जाहीर केले. क्रिकेटचे साहित्य तर या फ्रेंच संस्थेने फ्रान्समध्ये घडवणे शक्यच नव्हते. त्यासाठीचा एफएलएक्स हा ब्रँड भारतातच तयार झाला.

क्रीडासाहित्य घडवण्याचे कसब भारताला कुणा परदेशी दुकानाने शिकवले, असा गैरसमज मात्र होऊ नये. फाळणीपूर्वी या कसबाचे माहेर सियालकोट होते. 1947 नंतर तिथले हिंदू-शीख कारागीर आणि कारखानदार जालंधर आणि मेरठला आले, आणि निर्वासितांच्या वस्त्यांमध्ये चेंडू, बॅटी, पॅड शिवण्याचे काम नव्याने उभे राहिले. क्रिकेटच्या चेंडूंसाठी घराघरांत माहीत असलेली एसजी ही मेरठची कंपनी मुळात 1931 ची सियालकोटची. उत्तर प्रदेशाच्या एक जिल्हा एक उत्पादन योजनेत मेरठचे उत्पादन म्हणून क्रीडासाहित्यच नोंदले गेले, ते या परंपरेमुळे. आधुनिक साखळीने या कसबाला जे दिले ते मोठ्या, नियमित आणि वर्षभर चालणाऱ्या मागणीचे आश्वासन. हंगामी मागणीवर जगणाऱ्या कारखान्याला कायमचा कामगार ठेवता येत नाही. बारमाही मागणी आली की पाळी वाढवता येते, यंत्र घेता येते, कामगाराला हजेरीपटावर आणता येते. रोजगारनिर्मिती हा शब्द मी याच अर्थाने वापरतो आहे.

आता मोठ्या आकड्याकडे वळू. मे 2025 मध्ये संस्थेने जाहीर केले की भारतातून होणारी खरेदी 48 कोटी डॉलरवरून 2030 पर्यंत 300 कोटी डॉलरवर नेली जाईल आणि त्यातून तीन लाखांहून अधिक प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष रोजगार उभे राहू शकतील. तेव्हा जगभरच्या गरजेपैकी 8 टक्के माल भारतातून जात होता. देशातल्या 113 उत्पादनस्थळांवर तो तयार होत होता आणि 55 शहरांत 132 दुकाने होती. त्याआधी 2024 मध्ये पाच वर्षांत 10 कोटी युरो गुंतवून दुकाने सुमारे 190 वर नेण्याची योजना जाहीर झाली होती. हे दोन संकल्प शेजारी ठेवले की या लेखाचा मुद्दा अंकांत दिसतो. जगभरचे एक लाख कर्मचारी 1,800 दुकानांवर विभागले, तर कचेऱ्या आणि गोदामे धरूनही दर दुकानामागे पंचावन्न-छप्पन माणसे येतात. भारतातल्या साठ नव्या दुकानांना तेच प्रमाण लावले तर साडेतीन हजारांच्या आत नोकऱ्या होतात. तीन लाखांच्या तुलनेत हे जेमतेम एक टक्का. बाकीचे सारे काम दुकानाच्या दाराबाहेर, शिलाई यंत्रांवर, बुटांच्या साच्यांवर, कापडाच्या रंगाईत आणि वाहतुकीत आहे. वृत्तपत्रांत मात्र नव्या दुकानाच्या उद्‌घाटनाचे छायाचित्र येते.

यावर रास्त आक्षेप असा की अप्रत्यक्ष रोजगाराचा आकडा रबरासारखा ताणता येतो. संकल्प म्हणजे निष्पत्ती नव्हे, हेही खरे. म्हणून थोडी पडताळणी करू. वाढीव खरेदी 252 कोटी डॉलरची आहे आणि तिच्यातून तीन लाख रोजगार येणार असतील, तर दर माणसामागे वर्षाला 8,400 डॉलरचा, म्हणजे सुमारे सात लाख रुपयांचा माल येतो. त्यातून कच्चा माल, वीज, नफा वजा जाऊन मजुरी निघायची आहे. शिवलेले कपडे, पिशव्या, बूट यांसारख्या हातकामाच्या मालात हे प्रमाण अशक्य नाही. यंत्राने होणाऱ्या मालाचा वाटा वाढला की आकडा खाली येईल. शिवाय जो कारखाना काल दुसऱ्या परदेशी ब्रँडसाठी पिशव्या शिवत होता, तो आज डेकॅथलॉनसाठी शिवू लागला, तर तिथला कामगार नव्या रोजगारात मोजता कामा नये. पुरवठादारांच्या भविष्य निर्वाह निधीच्या नोंदी वर्षागणिक ताडून पाहिल्या, तर दाव्यातला नेमका किती भाग खरा ठरला ते कळू शकते. त्या नोंदी संस्थेने आपणहून प्रसिद्ध कराव्यात, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

दुसरा आक्षेप जुन्या दुकानदारांचा. मुंबईच्या धोबीतलावला पिढ्यान्‌पिढ्या क्रीडासाहित्याची दुकाने आहेत. रॅकेटला गट घालणारा, बॅट ठोकून तयार करून देणारा, शाळांच्या स्पर्धांना चषक पुरवणारा विक्रेता तिथे आणि महाराष्ट्रातल्या प्रत्येक तालुक्याच्या गावी आहे. मोठ्या साखळीने त्याचे नुकसान होत नाही, असे म्हणणे अप्रामाणिक होईल. ट्रॅकपँट, साधी रॅकेट, सुरुवातीचे बूट ही त्याची रोजची विक्री होती आणि नेमका तोच माल साखळी स्वस्तात देते. पुण्याच्या कडेला वाघोलीसारख्या ठिकाणी खेळायला मोकळी जागा ठेवलेले प्रशस्त दुकान उभे राहिले की शहरातले कुटुंब रविवारी तिकडे वळणारच. मात्र तुलना करताना नोकरीचा प्रकारही पाहिला पाहिजे. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दहापेक्षा कमी माणसे असलेल्या दुकानाला बहुतेक तरतुदींतून मोकळे ठेवले. कर्मचारी राज्य विमा योजनेची सर्वसाधारण मर्यादा दहा माणसांची, भविष्य निर्वाह निधीची वीस माणसांची. लहान दुकानातला नोकर या तिन्हींच्या बाहेर राहतो. मालक माणुसकीचा असेल तर त्याचे चांगले चालते, पण हक्क म्हणून त्याच्या हाती काही नसते. साखळीतला कर्मचारी निदान नोंदीत आहे. म्हणून नोकऱ्यांची संख्या समान राहिली तरी त्यांचा दर्जा बदलतो, आणि हा बदल मी लाभाच्या बाजूला मांडतो. जुन्या दुकानदाराचे कसब, शिकवण आणि उधारीवर साहित्य देऊन एखाद्या मुलाला खेळता ठेवण्याची त्याची रीत यांची भरपाई मात्र कोणतीही साखळी करत नाही. ते नुकसान आहे आणि ते नुकसान म्हणूनच नोंदवले पाहिजे.

नोंदीत असणे म्हणजे सुखात असणे नव्हे, हा तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे. ब्रिटनमधल्या स्पोर्ट्स डायरेक्ट या साखळीने हजारो नोकऱ्या दिल्या आणि त्यातल्या बहुतेक किमान तासांची हमी नसलेल्या करारांवर दिल्या. शायरब्रुक येथील तिच्या गोदामातल्या स्थितीवर 2016 मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीने अत्यंत कठोर अहवाल लिहिला. विस्ताराने माणसांना काम मिळते, तेवढ्याने त्यांना सन्मान मिळत नाही, हे तिथे लख्ख दिसले. डेकॅथलॉनचा वारसा तुलनेने बरा आहे. कर्मचाऱ्यांना भागधारक करून घेण्याची प्रथा तिथे जुनी आहे आणि विशीतल्या माणसावर अख्ख्या विभागाचा जमाखर्च सोपवण्याचा विश्वासही तिथे दाखवला जातो. तरी डिसेंबर 2024 मध्ये फ्रान्समधले हेच कर्मचारी संपावर गेले. मालक कुटुंबाच्या संस्थेला एक अब्ज युरोचा लाभांश दिला गेला आणि पगारवाढीची मागणी बाजूला राहिली, हे त्यांच्या रागाचे कारण होते. त्यांचा राग मला न्याय्य वाटतो. फेब्रुवारी 2025 मध्ये फ्रेंच शोधपत्रकारांनी चीनमधल्या पुरवठ्यात विगुर लोकांच्या सक्तीच्या मजुरीचा संबंध असल्याचा आरोप केला. संस्थेने सक्तीच्या मजुरीचा निषेध केला. पुरवठादार जितके दूर आणि त्यांचे उपपुरवठादार जितके अधिक, तितकी अशा आरोपांची तपासणी कठीण होते. हे जालंधरलाही लागू आहे. फुटबॉल शिवण्याचे काम तिथे पूर्वापार घरोघरी, नगावर होत आले. नव्वदच्या दशकात या कामातल्या बालमजुरीवर जगभर गदारोळ झाला. सियालकोटसाठी 1997 मध्ये अटलांटा करार झाला आणि जालंधरच्या निर्यातदारांनाही देखरेखीची व्यवस्था उभारावी लागली. घरी बसून शिवणाऱ्या बाईचे नाव आजही बहुधा कोणत्याही हजेरीपटावर नसते. मागणी सहापट होणार असेल, तर त्या बाईला कारखान्यात किंवा निदान नोंदणीत आणण्याची जबाबदारी खरेदीदाराने घ्यावी, कारण भाव तोच ठरवतो.

यंत्रांमुळे काउंटरवरची माणसे कमी होतील, ही भीती खरी आहे. या संस्थेने प्रत्येक वस्तूला रेडिओ-चकती लावून बिलाचे काम ग्राहकाच्या हाती दिले आहे. उरलेली माणसे सायकल दुरुस्ती, वापरलेल्या साहित्याची पुनर्विक्री आणि घरपोच मागण्यांकडे वळतात. ज्याचा रोजगाराचा हिशेब गल्ल्यावरच उभा आहे, त्याला या बदलाने धक्का बसेल.

महाराष्ट्रापुरता प्रश्न मात्र वेगळा आणि तातडीचा आहे. या राज्यात दुकाने आहेत, ग्राहक आहेत, गोदामांची सोय आहे. पण कपडे म्हटले की तिरुपूर, चेंडू म्हटले की जालंधर, सायकल म्हटले की लुधियाना ही नावे आधी येतात. वरचे गणित बरोबर असेल, तर आपल्या वाट्याला मोठा भाग त्या एक टक्क्यातलाच येण्याचा धोका आहे. आपल्याकडे इचलकरंजीची विणाई आहे, पण ती मुख्यतः मागावरच्या कापडाची. खेळाच्या कपड्यांना लागते ते ताणले जाणारे, घाम शोषून बाहेर टाकणारे कृत्रिम धाग्याचे होजिअरी कापड, आणि त्याची रंगाई-प्रक्रिया. सोलापूरची बाजू याहून उजवी आहे. चादरी आणि टॉवेलांच्या या शहराने गेल्या काही दशकांत गणवेशांच्या शिलाईत नाव कमावले असून हजारो हात, त्यांत बहुसंख्य बायकांचे, त्या कामात तयार झाले आहेत. शाळेचा गणवेश शिवणाऱ्या हाताला ट्रॅकसूट शिवणे अवघड नाही. अडचण हंगामाची आहे. गणवेशाची मागणी उन्हाळ्याच्या तोंडाशी उसळते आणि शाळा सुरू झाल्या की ओसरते, त्यामुळे शिलाई कामगाराचे उरलेले महिने अनिश्चित जातात. खेळाच्या कपड्यांची मागणी त्या रिकाम्या महिन्यांत बसू शकते. त्यासाठी होजिअरी कापडाची प्रक्रिया सोलापूरच्या आसपास उभी राहावी लागेल, पाण्याचा आणि सांडपाण्याचा प्रश्न आधी सोडवावा लागेल, आणि लहान शिलाई केंद्रांनी एकत्र येऊन मोठ्या खरेदीदाराची गुणवत्ता-तपासणी पार करावी लागेल. ही तीनही कामे राज्य सरकार, सोलापूरचे उत्पादक आणि खरेदीदार संस्था यांनी मिळून करण्याजोगी आहेत, आणि 2030 ला फार वर्षे उरलेली नाहीत.